अडतीस जणांनी नाही म्हटलं, आता काय?

या वेळी टपालात आणि मेलमध्ये एकाच विषयाची पत्रं जास्त आलीयेत, आमच्या स्टार्टअपला इन्व्हेस्टरने नाही म्हटलं. सगळी छापणं शक्य नाही म्हणून चार निवडलीत. पहिल्याचं उत्तर लांबलंय, त्याला इलाज नाही.

प्रश्न : ताई नमस्कार. मी २९ वर्षांचा. मी आणि माझा कॉलेजपासूनचा मित्र, आम्ही सव्वा वर्षापूर्वी नोकऱ्या सोडल्या. लिफ्टच्या मेंटेनन्सचं काम करणाऱ्या छोट्या कंपन्यांसाठी आम्ही ॲप बनवलंय, टेक्निशियन कुठे गेला, काय दुरुस्त केलं, पुढची सर्व्हिस कधी, सगळं त्यात दिसतं. ११ कंपन्या पैसे देऊन वापरतात, त्यातल्या ७ अगदी रोज. गेल्या ८ महिन्यांत ३८ इन्व्हेस्टर्सना पिच केलं, म्हणजे धंदा समजावून पैसे मागितले. १४ जणांनी उत्तरच दिलं नाही. ९ जण म्हणाले मार्केट छोटं आहे, ८ जण म्हणाले अजून ट्रॅक्शन (कस्टमर आणि कमाई वाढतेय हे) दाखवा, ४ जणांच्या थिसिसमध्ये (कुठल्या प्रकारच्या कंपन्यांत पैसे घालायचे त्या ठरलेल्या धोरणात) आम्ही बसत नाही, दोघांना टीममध्ये सेल्सवाला हवा होता. आणि एकाने दोन मीटिंगनंतर जवळजवळ हो म्हटलं आणि मग सहा आठवडे गायब. परवा एक कस्टमर म्हणाला की तुमचं ॲप बंद पडलं तर मला सह्यांचे कागद गोळा करायला परत एक माणूस ठेवावा लागेल, त्या सह्यांशिवाय बिल्डिंगवाले बिल पास करत नाहीत. ऐकून बरं वाटलं, पण त्याने पगार होत नाहीत. ५ महिने पुरतील एवढे पैसे उरलेत. पार्टनर म्हणतो अजून २० जणांची लिस्ट आहे, चिकाटी सोडायची नाही. मला रात्री झोप लागत नाही. चिकाटी कुठे संपते आणि मूर्खपणा कुठे सुरू होतो ते कसं ओळखायचं?
— अडतिसावा

उत्तर : तुला अरेतुरे करतेय, राग मानू नकोस, तुझं पत्र वाचताना मला माझीच दहा वर्षांपूर्वीची डायरी वाचल्यासारखं झालं. माझ्या पहिल्या कंपनीच्या वेळी मी २६ जणांना पिच केलं होतं आणि प्रत्येक नकारानंतर आम्ही डेकची (पिचच्या प्रेझेंटेशनची) एखादी स्लाइड बदलायचो. कोणी म्हणालं मार्केट छोटं, की पुढच्या डेकमध्ये मार्केट तिप्पट, कोणी म्हणालं टेक्नॉलॉजी कुठाय, की एक मोठी टेक्नॉलॉजीची आकृती, असं करत करत शेवटी अशी वेळ आली की आमचा धंदा नेमका काय हे आम्हालाच एका वाक्यात सांगता येईना. त्या दहा महिन्यांत नवीन कस्टमर किती आणले विचारशील तर दोन. दोन! आणि त्यातला एक माझ्या पार्टनरच्या ओळखीतला. आम्ही त्याला चिकाटी म्हणत होतो. खरं तर ती विकायला जायची भीती होती, फक्त रोज कॅलेंडरवर मीटिंगा दिसत होत्या म्हणून ते काम वाटत होतं.

तू विचारलेल्याचं अर्धं उत्तर तुझ्याच पत्रात आहे आणि ते तू 'पण त्याने पगार होत नाहीत' म्हणून झटकून टाकलंयस. तो सह्यांवाला कस्टमर. परत वाच तो काय म्हणाला. तो असं नाही म्हणाला की ॲप छान आहे, टेक्निशियन कुठाय ते कळतं. तो म्हणाला की सहीशिवाय बिल पास होत नाही. म्हणजे तू त्याला टेक्निशियनवर नजर ठेवायचं ॲप विकलंस आणि तो विकत घेतोय वेळेत होणारी वसुली. या दोन पूर्ण वेगळ्या वस्तू आहेत. पहिली असली तर बरी असते, दुसरीवर माणसाची झोप अवलंबून असते. मला खात्री आहे की तुझ्या डेकमध्ये 'मेंटेनन्स इंडस्ट्रीची ऑपरेटिंग सिस्टिम' किंवा तसलंच काहीतरी लिहिलेलं असणार (नसेल तर माफ कर, पण असणार). ते ३८ जणांनी ऐकलं. सह्यांचं कोणीच ऐकलं नाही, कारण ते तुलाच परवा कळलं.

आता नकारांकडे येऊ. ३८ नकार आले असं म्हणू नकोस, ते एका जातीचे नाहीत. १४ जण बोललेच नाहीत, त्यातून शिकण्यासारखं काही नाही, फार तर एवढंच की तुझा पहिला मेल लांबलचक असेल. थिसिसवाले ४ खरंच थिसिसवाले असतील किंवा सभ्यपणे टाळलं असेल, दोन्हीकडे तुला करण्यासारखं काही नाही. सेल्सवाला माणूस मागणारे दोघं मात्र खरं बोलले असं मला वाटतं, त्यावर पुढे येते. आणि 'मार्केट छोटं' म्हणणारे ९ जण. यांच्यावर चिडायच्या आधी त्यांचं गणित समजून घे, कारण ते कोणी नीट सांगत नाही.

व्हेंचर फंडवाल्याचे, म्हणजे स्टार्टअपमध्ये पैसे घालणाऱ्याचे, पैसे त्याचे स्वतःचे नसतात. तो दुसऱ्यांकडून साधारण दहा वर्षांच्या बोलीने घेतो आणि तेवढ्यात तिप्पट वगैरे करून परत द्यायचे असतात. समज फंड १०० चा आहे आणि त्याने २५ कंपन्यांत टाकले. त्यातल्या बऱ्याच बुडणार, काही मुद्दल परत देणार आणि एखाद-दोन कंपन्यांनी सगळ्यांची भरपाई करायची, हा या धंद्याचा नेहमीचा नमुना आहे. आता त्याने तुझ्यात २० टक्के घेतले, पुढच्या राउंड्समध्ये (नवीन इन्व्हेस्टर येत गेले तसे) ते कमी होत होत १५ वर आले, तर तुझ्या एकट्याच्या जिवावर त्याचा फंड वसूल व्हायला तुझी कंपनी ६६७ ची व्हायला पाहिजे, म्हणजे त्याच्या अख्ख्या फंडाच्या साडेसहापटींहून मोठी. हो म्हणताना प्रत्येक वेळी त्याच्या डोक्यात हाच प्रश्न असतो की ही कंपनी एवढी होऊ शकेल का. लिफ्ट मेंटेनन्सवाल्या छोट्या कंपन्यांचं ॲप तेवढं होईल असं त्याला दिसत नाही, आणि खरं सांगू का, मलाही दिसत नाही. पण दोन-चार डझन माणसांना नीट पगार देणारी, कोणाच्या देण्यात नसलेली कंपनी मात्र व्हायला हरकत नाही. फंडाला अशी कंपनी नको असते, तुला हवीये का ते तू ठरव. ईमेल मार्केटिंगचं सॉफ्टवेअर बनवणारी मेलचिंप २००१ मध्ये सुरू झाली, बाहेरचा एक पैसा न घेता वीस वर्षं चालली आणि २०२१ मध्ये इंट्यूट या मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीने ती साधारण १२ अब्ज डॉलरला घेतली. प्रत्येकाचं तसं होत नाही हे उघड आहे, मुद्दा एवढाच की फंडवाल्याचा नकार हा तुझ्या धंद्यावरचा निकाल नसतो, त्याच्या फंडात तू बसतोस का याचं ते उत्तर असतं.

आणि फंडवाले चुकतातही, भरपूर. एअरबीएनबी, म्हणजे लोकांची घरं राहायला भाड्याने देणारी साइट, तिच्या फाउंडर ब्रायन चेस्कीने २०१५ मध्ये त्याला २००८ साली आलेले नकाराचे मेल जाहीर केले. ७ इन्व्हेस्टर्सशी ओळख करून दिली होती, दीड लाख डॉलर मागत होते, कंपनीची किंमत धरली होती १५ लाख डॉलर. ५ जणांनी नाही कळवलं, दोघांनी उत्तरच दिलं नाही. एका मेलमध्ये कारण काय होतं माहितीये? आमच्या मॉडेलच्या मानाने मार्केट पुरेसं मोठं वाटत नाही. तुझ्या ९ जणांचंच वाक्य. बेसेमर नावाची मोठी व्हेंचर फर्म तर आपण सोडून दिलेल्या कंपन्यांची यादी स्वतःच्या साइटवर लावते, गूगल आणि ॲपल त्यात आहेत, फेडेक्सला तर त्यांनी सात वेळा नाही म्हटलं.

पण थांब. या गोष्टी सांगितल्या की माझी मलाच भीती वाटते, कारण तुझा पार्टनर हा परिच्छेद कापून भिंतीवर लावेल. चेस्कीची गोष्ट आपल्याला माहितीये कारण तो तरला. ज्यांनी तेवढेच नकार ऐकले, तेवढीच चिकाटी धरली आणि शटर ओढून घरी गेले त्यांचे मेल कोणी छापत नाही. त्यामुळे 'त्यांनाही नाही म्हटलं होतं' यातून आपल्याबद्दल काहीच सिद्ध होत नाही. उलट्या बाजूनेही बघ, मोबाइलवर छोटे व्हिडिओ दाखवणाऱ्या क्विबीने पावणेदोन अब्ज डॉलर उभे केले, एप्रिल २०२० मध्ये सुरू झाली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये बंद. तिला होकारच होकार होते.

मला एअरबीएनबीच्या गोष्टीत नकारांपेक्षा त्यानंतरचं जास्त आवडतं. ते पुढच्या वीस जणांच्या लिस्टवर नाही गेले. २००८ च्या अमेरिकन निवडणुकीत त्यांनी ओबामा आणि मॅकेन या उमेदवारांच्या नावाने नाश्त्याच्या सिरियलचे खोके डिझाइन केले आणि एकेक ४० डॉलरला विकून ३० हजारांच्या आसपास डॉलर काढले, कर्ज फेडायला. मग २००९ मध्ये वाय कॉम्बिनेटरमध्ये (नवीन स्टार्टअपना थोडे पैसे आणि मार्गदर्शन देणारा कार्यक्रम) घुसले आणि तिथून न्यूयॉर्कला जाऊन घरमालकांच्या दारात उभे राहिले, कारण साइटवरचे घरांचे फोटो भयाण होते. स्वतः चांगले फोटो काढून दिले आणि आठवड्याची कमाई २०० डॉलरवरून ४०० झाली. बघ, ४००! हसण्यासारखा आकडा आहे. पण का वाढली हे त्यांना माहीत होतं. त्यानंतर सिकोया या बड्या व्हेंचर फर्मने ६ लाख डॉलर दिले.

तर तुझे न्यूयॉर्कचे घरमालक म्हणजे ते ७ रोजवाले. तिथे जाऊन बस. कॉलवर नको, त्यांच्या ऑफिसात, जिथे बिलं बनतात त्या टेबलाशेजारी. विचार की ॲपच्या आधी बिल पास व्हायला किती दिवस लागायचे, आता किती लागतात, कोणाकोणाची बिलं अजून अडकतात आणि का. हा दिवसांचा आकडा हातात आला की तुझं पुढचं सगळं विकणं त्या एका आकड्यावर चालेल. आणि जे ४ पैसे देतात पण रोज वापरत नाहीत त्यांनाही भेट, ते लवकरच सोडणार आहेत आणि का ते आत्ता विचारलंस तर सांगतील, सोडून गेल्यावर फोनही उचलणार नाहीत. अजून एक, बहुतेक जण असलं ॲप युजरमागे पैसे लावून विकतात. तू तसं करत असशील तर बदल, कारण मग पाच टेक्निशियन मिळून एकच लॉगिन वापरतात. लिफ्टमागे लाव. त्यांचाही करार लिफ्टच्या संख्येवरच असतो, त्यांना हिशोब लगेच कळतो.

आता पैशाचं. तू आकडे दिले नाहीस म्हणून मी मनाने धरते. खर्च महिन्याला १०० आणि कमाई ३० समजू, तूट ७०, आणि ५ महिने पुरणार म्हणजे हातात ३५० आहेत. खर्च ७५ वर आणलास (येतो, सगळ्यांचा येतो, सर्व्हरपासून सुरुवात कर) तर तूट ४५ आणि तेच ३५० पावणेआठ महिने जातात. पुढे सगळेजण सांगतील की वर्षाचे पैसे ॲडव्हान्समध्ये घे, दोन महिने फ्री दे. हा सल्ला अर्धाच बरोबर आहे. तुझ्या ७ जुन्या कस्टमरांकडून तसे घेतलेस तर एकदम १९० येतील खरे, पण त्यांची महिन्याची कमाई वर्षभर बंद होईल, आणि सगळं मांडलं तर जेमतेम वीसेक दिवस वाढतात. स्वतः मांडून बघ. फरक पडतो तो नवीन कस्टमरच्या ॲडव्हान्सने. एक नवीन वार्षिक कस्टमर म्हणजे साधारण २७, महिन्याला असे दोन आले की ४५ ची तूट कॅशपुरती भरली. कॅशपुरती म्हणतेय, कारण त्या लोकांना पुढे वर्षभर सर्व्हिस द्यायचीये आणि त्याचे पैसे तू आधीच खाल्लेले असतील, हे विसरलास की पुढच्या वर्षी रडशील. पण महिन्याला दोन. तुमच्यापैकी एकाने पूर्णवेळ विकायचं ठरवलं तर हा आकडा आवाक्यातला आहे, आणि नसेल, तर तेच तुला हवं असलेलं उत्तर आहे.

म्हणून माझं म्हणणं, ती २० जणांची लिस्ट तीन महिने कपाटात ठेवा. पिचिंग पूर्ण बंद. फंडिंग उभं करायला माझ्या अनुभवात सरळ गेलं तरी चार-सहा महिने जातात आणि पाच महिने उरलेला माणूस समोरच्याला लांबून ओळखू येतो, त्याच्या बोलण्यातच कळतं. तुम्हा दोघांपैकी ज्याला लोकांशी बोलताना कमी घाम फुटतो त्याने सेल्सवाला व्हायचं, कामावर ठेवायचा नाही, व्हायचं. बाहेरून आणलेला सेल्सवाला या टप्प्यावर काही करू शकत नाही कारण काय विकायचं हेच अजून तुम्ही शोधताय.

आणि आज, पैसे हातात आहेत तोवर, दोघांनी बसून एका कागदावर तारीख लिहा. चौथ्या महिन्याच्या शेवटी समजा सहा नवीन वार्षिक कस्टमर नसतील तर बंद. पाचव्या महिन्याचे पैसे चालवायला वापरायचे नाहीत, ते बंद करण्यासाठी आहेत, कोणाचा पगार, कोणाचे उरलेले महिने परत, कस्टमरांचा डेटा त्यांना नीट काढून देणं. आम्ही पहिल्या वेळी हे केलं नाही. शेवटचा पैसा संपेपर्यंत ओढलं, आणि एका मुलाचा दीड महिन्याचा पगार मी नंतर नोकरी करून फेडला. कंपनी बुडाल्याचं मला आता काही वाटत नाही. त्या मुलाचा फोन टाळायचे त्याचं अजून वाटतं.

सहा मिळाले तर 'ट्रॅक्शन दाखवा' म्हणणाऱ्या त्या ८ जणांना परत लिही, दोन ओळीत, बिल पास व्हायचे दिवस किती होते आणि किती झाले. त्यांनी सांगितलेलं तू करून दाखवलंस, हे फार कमी लोक करतात. आणि त्या सहा आठवडे गायब झालेल्याला सोडून दे रे. तो हो म्हणत नव्हता, त्याला नाही म्हणायला जड जात होतं.

तुझा पार्टनर ऐकणार नाही, मला माहितीये. त्याला म्हण, तीन महिने माझ्या पद्धतीने, नंतर तुझी लिस्ट. चिकाटी सोड असं मी कुठेच म्हटलेलं नाही. ती इन्व्हेस्टरच्या दारात चाललीये, ती कस्टमरच्या दारात न्या एवढंच.

प्रश्न : किती नकारांनंतर थांबावं? एक आकडा सांगा, प्लीज.
— साठी उलटलेला (नकारांची, वयाची नाही)

उत्तर : आकडे सांगते, तुम्हाला उपयोग होईल असं वाटत नाही. जेफ बेझोस ॲमेझॉनसाठी साधारण ६० जणांना भेटला, २२ हो म्हणाले. हॉवर्ड शुल्ट्झ स्टारबक्स विकत घेण्याआधीच्या त्याच्या कॉफी कंपनीसाठी २४२ जणांशी बोलला, २१७ जणांनी नाही म्हटलं. ऑनलाइन डिझाइन करायच्या कॅनव्हाच्या मेलनी पर्किन्सने तीन वर्षांत शंभरावर नकार ऐकले. बसलं का काही सूत्र? नाही बसत. पण पर्किन्सच्या बाबतीत एक गोष्ट लोक सांगायची विसरतात, ती तीन वर्षं नुसती दारं ठोठावत नव्हती, तिची २००७ पासून शाळांची इयरबुक्स (वार्षिक अंक) ऑनलाइन बनवायची कंपनी चालू होती, तिला पैसे देणारे खरे कस्टमर होते. म्हणून तिला शंभर नकार परवडले. तुम्हाला किती परवडतात ते तुमच्या मागे काय चालू आहे त्यावर आहे. मागे काहीच चालू नसेल तर साठ सुद्धा खूप झाले.

प्रश्न : एका इन्व्हेस्टरने आत्ता नको, पण आम्हाला अपडेट देत राहा, असं म्हटलंय. हे खरं असतं का? मी दर आठवड्याला फॉलोअप केला तर चिकट वाटेन का?
— फॉलोअपवाली

उत्तर : दर आठवड्याला केलंस तर वाटशीलच. खरं असतं की नाही हे त्यालाही माहीत नसतं गं, त्याला दार उघडं ठेवायचं असतं आणि त्याचा त्यात काही खर्च नाही. पण तुझाही फार नाही, म्हणून महिन्यातून एकदा एक मेल, त्याच तारखेला, दहा ओळींच्या आत. तेच तीन आकडे दर वेळी, पैसे देणारे किती, सोडून गेलेले किती, हातात किती महिने. वाईट महिना असेल तर वाईट आकडे, लपवायचे नाहीत, कारण खराब महिन्यानंतर तू काय केलंस हे पुढच्या मेलमध्ये दिसतं आणि तेच त्याला बघायचं असतं. शेवटी एक नेमकी मदत माग, अमुक कंपनीत कोणाला ओळखता का, असली. 'काही विचार झाला का' हे वाक्य त्यात चुकूनही नको. सहा मेलनंतर एकालाही उत्तर आलं नाही तर त्याला यादीतून काढ, मनातूनही. आणि हो, तोच मेल तुझ्या टीमलाही पाठव. मी उशिरा सुरू केलं, आणि इन्व्हेस्टरपेक्षा टीमलाच त्याचा जास्त उपयोग झाला.

प्रश्न : मी स्वतः धंद्यातली नाही. माझे मिस्टर दोन वर्षांपासून स्टार्टअप करतायत. मार्चपासून एकामागून एक नकार येतायत. आधी घरी येऊन सगळं सांगायचे, आता बोलतच नाहीत, लॅपटॉप उघडून बसतात. आमची बचत जवळजवळ संपलीये, घर माझ्या पगारावर चालतंय, त्याची माझी तक्रार नाही. पण मागच्या आठवड्यात म्हणाले की घरावर कर्ज काढू, सहा महिन्यांत फंडिंग येईल, मग फेडू. मी नाही म्हटलं तर म्हणतात तुझाही विश्वास नाही. काय करू?
— नाव नको

उत्तर : ताई, घरावर कर्ज नाही. यावर मी लांबण लावणार नाही. इन्व्हेस्टर पैसे टाकतो तेव्हा बुडाले तर बुडाले या हिशोबाने टाकतो, पंचवीस ठिकाणी थोडे थोडे. बँक तशी नसते, तिला हप्ता हवा असतो, स्टार्टअप चालो न चालो. आणि 'फंडिंग आलं की फेडू' हे तर आधीच चुकलेलं आहे, कारण फंडिंगचे पैसे इन्व्हेस्टर धंदा वाढवायला देतो, जुनी घरगुती कर्जं फेडायला दिलेले त्याला चालत नाहीत.

पण तुमचा खरा प्रश्न कर्जाचा नाहीये असं मला वाटलं. विश्वासाचा आहे. तर विश्वास दोन गोष्टींवर असतो, माणसावर आणि आकड्यांवर, आणि ते दोन्ही एकात एक मिसळले की घरात भांडणं होतात. बेझोसने आईवडिलांकडून पैसे घेतले तेव्हा त्यांना आधीच सांगितलं होतं की ७० टक्के शक्यता आहे हे बुडतील. त्यांनी ते ऐकून दिले. कळून सवरून दिले. तुमच्या मिस्टरांनी तुम्हाला असा एखादा आकडा सांगितलाय का? बहुतेक नाही, आणि मुद्दाम लपवला असं मी म्हणत नाही, त्यांनी तो स्वतःलाही सांगितलेला नसतो. नकार ऐकून ऐकून माणसाला हिशोबाच्या वहीची भीती बसते. मीही तीन महिने बँकेचा ॲप उघडत नव्हते.

म्हणून 'बंद करा' असं म्हणू नका, आणि 'तुम्हाला हवं ते करा' असंही म्हणू नका. एखाद्या सुट्टीच्या दिवशी, रात्री नको, रात्री सगळंच वाईट दिसतं, त्यांना सांगा की मला तीन गोष्टी समजावून सांगा. आत्ता पैसे देणारे कस्टमर किती आहेत. महिन्याला किती जातात. आणि कुठल्या तारखेला काय झालेलं नसेल तर तुम्ही स्वतःच थांबाल. शेवटच्याचं उत्तर लगेच येणार नाही, चिडतीलही. वाट बघा. तुमच्या पगारातून घर चालतंय म्हणजे या कंपनीत सर्वात मोठी इन्व्हेस्टर तुम्हीच आहात, आणि इन्व्हेस्टरला हे विचारायचा हक्क असतो, हे त्यांना हसत सांगता आलं तर सांगा. कदाचित त्यांना बरंच वाटेल, की कोणीतरी हो किंवा नाही न म्हणता नुसतं नीट विचारतंय.

मधल्या काळात त्यांनी अर्धवेळ काम घेतलं, दुसऱ्यांचे प्रोजेक्ट केले, तर त्यात कमीपणा नाही, बरेच फाउंडर तेच करतात आणि सांगत नाहीत. आणि ते जेवायला येत नसतील, झोपत नसतील, कशातच लक्ष नसेल असं दोन-तीन आठवडे सलग चाललं असेल तर आकडे राहू देत, आधी डॉक्टरांकडे चला. तारीख नंतर ठरवता येते.

काय झालं ते कळवा. नाव छापणार नाही.